पगारातून कापले, पासबुकात नाही!

मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बस पकडली की मार्वे रोड, मालवणी, आक्सा, एरंगळ करीत ती मढला जाते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे कोळीवाडा, वाळत घातलेली मासळी आणि शूटिंगसाठी भाड्याने दिले जाणारे बंगले. टी.व्ही.वरच्या मालिकांतली कोट्यधीश कुटुंबे अशाच बंगल्यांत नांदतात, भांडतात, रडतात. प्रेक्षकांना बंगल्याचा दिवाणखाना दिसतो. गेटवर बारा-बारा तास उभा असलेला माणूस दिसत नाही. तो माणूस बहुधा आपला असतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेला, अंगावर एजन्सीचा गणवेश, खिशात एजन्सीचे ओळखपत्र आणि महिन्याच्या अखेरीस हातात एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीत एक ओळ असते : पी.एफ. कपात.

या एका ओळीविषयी आज आम्हाला लिहायचे आहे.

गेल्या वर्षी मढच्या वस्तीतले एक काका आमच्याकडे आले. वय ५७. एका बंगल्याच्या गेटवर जून २००७ पासून उभे आहेत. बंगला तोच, गेट तेच, खुर्चीही बहुतेक तीच. एजन्सीचे नाव मात्र तीनदा बदलले. मालक तोच, पाटी नवी. फेब्रुवारी २०२७ मध्ये काकांना ५८ पूर्ण होतील. त्यांचा प्रश्न साधा होता : "वकीलसाहेब, पेन्शन किती बसेल तेवढे सांगा. धाकटीचे लग्न काढायचे आहे." १९ वर्षे ९ महिने नोकरी होणार, म्हणजे पेन्शन मिळणारच, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. आमच्याही नव्हती. पासबुक काढून बघितले तेव्हा ती आली.

पासबुक काढणे हाच एक उद्योग झाला. यू.ए.एन. म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायमचा क्रमांक. तो काकांना ठाऊक नव्हता. तो मिळाला, तर त्याला जोडलेला मोबाईल नंबर एजन्सीच्या सुपरवायझरचा निघाला. म्हणजे काकांच्या पैशाची किल्ली ज्याच्या विरुद्ध तक्रार करायची त्याच्याच खिशात! नंबर बदलून घेण्यात दीड महिना गेला. शेवटी पासबुक उघडले, तेव्हा त्यात जानेवारी २०१८ पासूनच्या नोंदी होत्या. त्याच्या आधीची साडेदहा वर्षे, कोरी.

हा हिशोब वाचकांनी नीट समजून घ्यावा, कारण तो एकट्या काकांचा नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तिच्यात पेन्शन मिळण्यासाठी निदान दहा वर्षांची सेवा लागते. सहा महिने वा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्याहून कमी असेल तर सोडून दिला जातो. म्हणजे साडेनऊ वर्षांचे दहा होतात आणि पेन्शन मिळते. जानेवारी २०१८ ते फेब्रुवारी २०२७ हे होतात नऊ वर्षे दोन महिने. म्हणजे नऊ. म्हणजे पेन्शन शून्य! साधारण नऊ-दहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम एकदाच हातावर ठेवून सरकार जयहिंद म्हणणार. ज्या माणसाने जवळजवळ वीस वर्षे दुसऱ्याचे दार राखले, त्याच्या म्हातारपणाचे दार चार महिन्यांच्या फरकाने बंद.

आणि खरा आकडा काय आहे? काकांचा पी.एफ.चा पगार १४ हजार आहे. पेन्शन काढण्याचे सूत्र असे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधीची सेवा ६,५०० रुपयांच्या मर्यादेने आणि नंतरची १५ हजारांच्या मर्यादेने, ज्या त्या काळाच्या प्रमाणात मोजली जाते. शिवाय वीस वर्षे सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षे जास्तीची धरली जातात. काकांची सगळी सेवा नोंदली गेली तर १९ वर्षे ९ महिन्यांचे २० होतात, अधिक दोन, बावीस. त्यांची पेन्शन अंदाजे साडेतीन हजारांवर जाते. पासबुकात जेवढे आहे तेवढेच धरले तर शून्य. मधले साडेतीन हजार दरमहा, मरेपर्यंत, आणि त्यांच्यामागे काकूंना विधवेचा वाटा. हे पैसे कुणी नेले?

साडेतीन हजारात मुंबईत काय होते, असे कुणी म्हणेल. खरे आहे. या योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये आहे. महाराष्ट्र शासन श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला २०२३ पासून दीड हजार देते. म्हणजे आयुष्यभर वर्गणी भरणाऱ्याचा तळ हा न भरणाऱ्याच्या मदतीपेक्षा पाचशेने खाली! ही किमान रक्कम वाढवा म्हणून निवृत्त कामगार वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरत आहेत आणि त्यांच्या मागणीला आमचा पाठिंबा आहेच. पण आमच्या वस्त्यांतल्या हजारो लोकांचा झगडा त्याच्या आधीचा आहे. रक्कम वाढली तरी ती यादीत नाव असलेल्याला मिळणार. आमचे नावच यादीत नाही.

आता हे रिकामे खण कसे पडतात ते पाहू. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, केंद्र सरकार वर १.१६ टक्के घालते. कामगाराच्या पगारातून कापलेले १२ टक्के सगळेच्या सगळे पी.एफ.मध्ये जातात, पेन्शनमध्ये त्यातला एक पैसाही जात नाही. म्हणून पेन्शनचा हप्ता चुकला तरी कामगाराच्या लक्षात येत नाही. तो शिल्लक रक्कम बघतो, खूश होतो आणि फोन खिशात टाकतो. पासबुकात तीन रकाने असतात. तिसरा रकाना पेन्शनचा. १५ हजार वा त्याहून जास्त पगारावर त्यात दरमहा १,२५० दिसले पाहिजेत. २००१ ते २०१४ या काळात ६,५०० च्या मर्यादेवर तोच आकडा ५४१ होता. कमी पगार असेल तर त्या प्रमाणात कमी. हा तिसरा रकाना आमच्या किती वाचकांनी आजवर बोट ठेवून वाचला आहे? (आमच्या एका बँकेतल्या मित्राने हा लेख लिहिताना पहिल्यांदा वाचला. तो सुशिक्षित आहे, चळवळीतला आहे, आणि त्याच्याही पासबुकात २०११ चे सात महिने नाहीत.)

काकांच्या साडेदहा वर्षांचे दोन तुकडे निघाले आणि दोन्हींची जात वेगळी होती. पहिला तुकडा जून २००७ ते मार्च २०१२, चार वर्षे दहा महिने. या काळात पैसे भरले गेले होते, पण जुन्या खाते क्रमांकावर. यू.ए.एन. आला ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्याआधीची खाती आपोआप जोडली जात नाहीत, जोडून घ्यावी लागतात. जोडायला गेलो तर नावाच्या इंग्रजी अक्षरांत फरक आणि जन्मतारीख १ जानेवारी. आपल्या पिढ्यान्पिढ्यांची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घालताना ठरवली, त्यानंतर ती एजन्सीच्या कारकुनाने ठरवली. आधार कार्डावर तिसरीच. ही दुरुस्ती संयुक्त घोषणापत्राने होते. कंटाळवाणे काम आहे, पण होते. हा तुकडा जोडला गेला की काकांची १४ वर्षे होतात आणि अंदाजे सव्वादोन हजारांची पेन्शन नक्की होते.

नावाच्या एका अक्षराने माणूस कसा अडतो हे या शहरातल्या सफाई कामगारांना विचारा. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून तो मिळवला. त्यानंतरही यादीतले नाव आणि कागदावरचे नाव जुळत नाही म्हणून अनेकांना ताटकळत ठेवले गेले. झाडू मारताना कुणी स्पेलिंग विचारले नव्हते. हक्क द्यायची वेळ आली की विचारतात.

दुसरा तुकडा एप्रिल २०१२ ते डिसेंबर २०१७. पाच वर्षे नऊ महिने. इथे पगारातून पी.एफ. कापला गेला, चिठ्ठीवर तसे छापलेले आहे, आणि सरकारात एक रुपया भरला गेला नाही. याला मराठीत चोरी म्हणतात. कायद्यात याला विश्वासघात म्हणतात : कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी जमा न करणारा मालक हा गुन्हेगारी विश्वासघात करतो, असे स्पष्टीकरण भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ मध्येच होते आणि ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही आहे. पोलीस ठाण्यात मात्र ही तक्रार घेऊन गेलात तर "हा सिव्हिल मॅटर आहे, पी.एफ. ऑफिसात जा" असे ऐकायला मिळते. मोबाईल चोरला तर गुन्हा, पाच वर्षांचे म्हातारपण चोरले तर सिव्हिल मॅटर!

एजन्सीचे म्हणणे काय? एक तर "आम्ही फक्त माणसे पुरवतो, पगार बंगलेवाला देतो." हा बचाव आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पँथर सिक्युरिटी सर्व्हिस या कंपनीच्या खटल्यात खासगी सुरक्षा एजन्सींना भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू आहे असे स्पष्ट केले आणि पगार ग्राहक देतो ही सबब फेटाळली. (नाव वाचून आमच्या वाचकांनी दचकू नये, आपल्या पँथरचा तिच्याशी संबंध नाही.) दुसरी सबब, "आमच्याकडे वीस माणसेच नव्हती." कायदा वीस माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, म्हणून एकाच मालकाने तीन पाट्या लावून प्रत्येकीवर अठरा-अठरा माणसे दाखवायची ही जुनी युक्ती आहे. शाखा आणि विभाग वेगवेगळे दाखवले तरी आस्थापना एकच धरावी, असे १९५२ च्या कायद्याचे कलम २-अ सांगते. आणि कंत्राटदार पळाला तर ज्याच्यासाठी काम केले तो मूळ मालक जबाबदार, हेही त्याच कायद्यात आणि योजनेत आहे. बंगल्याचा मालक म्हणतो, हे आमचे घर आहे. घर असेल तर तिथे रोज जनरेटरच्या गाड्या आणि शंभर माणसांचे युनिट कशासाठी येते, हे त्याने चौकशीत सांगावे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पेन्शन योजनेत पेन्शनपात्र सेवेची व्याख्या काय आहे ते प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे. ज्या सेवेबद्दल वर्गणी मिळालेली आहे किंवा मिळायला हवी होती, ती सेवा. "मिळायला हवी होती"! मालकाने भरले नाही हा कामगाराचा दोष नाही, हे कायदा करणाऱ्याला कळत होते. खिडकीवरच्या बाबूला ते कळत नाही, किंवा कळवून घ्यायचे नसते. तो म्हणतो, सिस्टीममध्ये दिसत नाही. सिस्टीममध्ये दिसत नाही म्हणजे घडलेच नाही, हे आमच्या समाजाला नवीन नाही. इतिहासाच्या पुस्तकांतही आम्ही बराच काळ दिसत नव्हतो.

कायद्याच्या या दोन शब्दांचा उपयोग मात्र कागद असेल तरच होतो. काकांनी सगळ्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. बाबासाहेबांचा फोटो, जातीचा दाखला, रेशनकार्ड आणि खाली पिवळ्या पडलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या. २०१४ चे चार महिने उंदरांनी खाल्ले, बाकी शाबूत. त्या चिठ्ठ्या नसत्या तर आम्ही काहीही करू शकलो नसतो. चिठ्ठ्या नसतील तर बँकेच्या खात्यातल्या पगाराच्या नोंदी, जुने ओळखपत्र, ड्युटीचे रजिस्टर, पोलीस पडताळणीचा अर्ज, गणवेशातला तारीख पडलेला फोटो, सोबत काम केलेल्यांचे जबाब, हे सगळे चालते. पण ते नोकरीत असताना गोळा होते. गेट सुटले की रजिस्टरही सुटते.

आता जो मुद्दा आम्हाला अस्वस्थ करतो तो सांगतो. जुन्या कायद्यात थकबाकीच्या चौकशीला, म्हणजे कलम ७-अ च्या चौकशीला, कालमर्यादा नव्हती. वीस वर्षांपूर्वीची चोरीही उकरता येत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने सामाजिक सुरक्षा संहिता २०२० अमलात आणली. तिच्या कलम १२५ मध्ये वाद उद्भवल्यापासून पाच वर्षे उलटली तर चौकशी सुरूच करता येणार नाही, अशी अट घातली आहे. मालकांच्या संघटनांनी या तरतुदीचे स्वागत केले. जुन्या भानगडी कायमच्या मिटल्या, व्यवसाय सुलभ झाला. कुणाचा सुलभ झाला? कामगाराला आपले पैसे बुडाल्याचे कधी कळते? निवृत्तीच्या वेळी. म्हणजे त्याला कळेपर्यंत मालकाची चोरी कायद्याने पवित्र झालेली असणार. वाद नेमका कधी उद्भवला, पैसे चुकले त्या महिन्यात की कामगाराला कळले त्या दिवशी, यावर आम्ही कोर्टात भांडूच. पण भांडणाचा निकाल लागेपर्यंत काका किती वर्षांचे असतील?

आमच्या काकांचे नशीब म्हणा, त्यांची तक्रार आम्ही ऑगस्ट २०२५ मध्येच दिली होती आणि चौकशीची नोटीस ऑक्टोबरात निघाली. महिन्याभराने वाचलो. त्याच बंगल्याच्या रांगेतले आणखी काही रखवालदार "नोकरी जाईल" म्हणून तेव्हा थांबले होते. त्यांच्यासाठी आता आम्ही अर्ज केला आहे की चौकशी एकट्या काकांची नको, त्या काळातल्या त्या आस्थापनेच्या सगळ्या कामगारांची करा. त्यांची भीती खोटी नव्हती. तक्रार दिल्यावर आठवड्याभरात काकांची ड्युटी दिवसाची रात्रीची झाली. म्हणून आमचा सल्ला आहे की तक्रार शक्यतो युनियनच्या नावाने, सगळ्यांच्या वतीने द्यावी. एकट्याचे नाव पुढे करू नये.

याच सुमारास केंद्राने मालकांसाठी एक मोहीमही जाहीर केली. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात ज्या कामगारांची नोंदच केली नाही त्यांना १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ या मुदतीत नोंदवा. कामगाराचा हिस्सा कापलाच नसेल तर तो माफ, दंड नाममात्र शंभर रुपये. नोंद होते आहे हे चांगलेच. पण विनातिकीट प्रवाशाला लोकलमध्ये याहून जास्त दंड पडतो, हे कुणीतरी दिल्लीला सांगायला हवे.

हे सगळे मालकावर आणि सरकारवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. काही खड्डे आपल्याच हाताने खणलेले असतात. कंत्राट संपले, दोन महिने काम नाही, घरात आजारपण, की आपला माणूस नाक्यावरच्या सायबर कॅफेत जातो. तिथला पोरगा दोनशे रुपये घेऊन पी.एफ. काढायचा अर्ज भरतो आणि सोबत फॉर्म १०-सी म्हणजे पेन्शनचे पैसे काढायचा अर्जही भरून टाकतो. पाच-सात हजार जास्त येतात, दोघेही खूश. त्या पाच-सात हजारांत तेवढ्या वर्षांची सेवा विकली गेली, पुन्हा शून्यापासून सुरुवात, हे कुणी सांगत नाही. त्याच फॉर्मवर पैसे न काढता योजना प्रमाणपत्र मागता येते. ते घेतले तर जुनी वर्षे जिवंत राहतात आणि पुढच्या नोकरीत जोडली जातात. मालवणीतल्या एका ताईंनी बारा वर्षांत तीनदा असे पैसे काढले. तीन कंत्राटदार, तीन फॉर्म. आज त्यांच्या नावावर अडीच वर्षे आहेत. त्यांना दोष द्यायला आमची जीभ उचलत नाही, कारण तेव्हा मुलगा शताब्दी हॉस्पिटलात होता. पण योजना प्रमाणपत्र हा शब्द त्यांना कुणी सांगितला असता तर? वस्तीत आम्ही कार्यकर्ते कमी होतो का? जयंतीच्या वर्गणीला घरोघर गेलो होतो ना?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनचे पैसे काढण्यासाठी दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबावे असा निर्णय घेतला. सेवा तुटू नये हा त्यांचा हेतू असेलही. पण बेकाराला तीन वर्षे थांब म्हणताना त्याच्या चुलीचे काय, याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही.

परदेशात हे कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण आमचे काही मित्र लंडनहून फोन करून विचारतात. ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शनसाठी निदान दहा पात्र वर्षे लागतात आणि नव्या पद्धतीत पूर्ण पेन्शनला साधारण ३५. तिथे माणूस आपला हिशोब आधीच मागवतो आणि एखादे वर्ष रिकामे असेल तर ठराविक मुदतीत स्वतः पैसे भरून ते भरून काढू शकतो. आपल्याकडे कामगाराला ही सोय नाही. पदरचे पैसे भरतो म्हटले तरी त्याची खंडित वर्षे जोडली जात नाहीत. ती मालकच भरू शकतो, किंवा मालकाकडून सरकार वसूल करू शकते. म्हणून तिथला माणूस ६० व्या वर्षी जागा झाला तरी काहीतरी करता येते. आपल्या माणसाने पंचावन्नलाही उशीर केला असे समजावे.

सरकारी नोकरीतल्या बांधवांनीही स्वस्थ बसू नये. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. अंशदानाची योजना आली. जिल्हा परिषदांच्या शाळांतले शिक्षक आपल्या कपातीच्या पावत्या मागत कित्येक वर्षे हेलपाटे घालत होते. खाते कुठलेही असो, कापले किती आणि जमा किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे.

आमच्या लोकांच्याच वाट्याला ही कोरी वर्षे का येतात, याचे उत्तर नशिबात नाही. जिथे कायम पद होते तिथे आरक्षण होते, जिथे आरक्षण होते तिथे आपला माणूस होता, आणि त्याला पेन्शन होती. सफाई, रखवाली, हाऊसकीपिंग, हॉस्पिटलातले वॉर्डबॉय, ही पदे एकामागून एक कंत्राटात गेली. पद गेले तसे आरक्षण गेले, पेन्शनही गेली. झाडू मात्र त्याच हातात राहिला. बापाला महापालिकेची पेन्शन आणि पोराच्या पासबुकात अडीच वर्षे, अशी घरे मालवणीत आम्ही स्वतः मोजली आहेत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल त्याच काळातला, १९४४ चा. पुढे घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपणी सरकारी मदतीचा हक्क आला. डी. एस. नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नाही, असे बजावले. आमचे काका एवढे शिकलेले नाहीत. पण त्यांनी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या.

मढ आणि मालवणीच्या विहारांत दर रविवारी वंदनेनंतर एक तास आम्ही काही वकील आणि कॉलेजची मुले फोन घेऊन बसतो. मुले पासबुक उघडून देतात, आम्ही तिसरा रकाना वाचतो. ५० वर्षांवरच्यांना आधी घेतो. येताना आधार कार्ड, जुन्या-नव्या सगळ्या एजन्सींची नावे, हाती असतील तेवढ्या चिठ्ठ्या आणि स्वतःचा मोबाईल आणावा, सुपरवायझरचा नको. ज्यांचा माणूस नोकरीत असतानाच वारला त्या भगिनींनी तर जरूर यावे, कारण तिथे दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेची पेन्शन लागते, आणि हे माहीत नसल्यामुळे अर्जच न केलेल्या तिघी आम्हाला पहिल्याच महिन्यात भेटल्या. जुनी खाती जोडली की तिसऱ्या रकान्यात मागची रक्कम दिसत नाही, त्याने घाबरू नये. पेन्शनची रक्कम सरकत नाही, सेवेची वर्षे सरकतात. ती सेवेच्या इतिहासात आली की नाही ते पाहावे. पी.एफ. कार्यालयाचा दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' हा तक्रारींचा कार्यक्रम असतो, तिथे आम्ही सोबत येतो.

काकांचा पहिला तुकडा गेल्या महिन्यात जोडला गेला. पासबुकाच्या सेवा इतिहासात २००७ साल उमटले तेव्हा त्यांनी फोन हातात घेऊन ते दोनदा वाचले. दुसऱ्या तुकड्याच्या चौकशीत एजन्सीचा माणूस दोन तारखांना आला नाही. आता समन्स बंगल्याच्या पत्त्यावरही निघाले आहे. ते घेऊन पोस्टमन गेटवर आला, तेव्हा ड्युटीवर काकाच होते. सही त्यांनीच केली.